टिकलीच्या गळ्यातला पट्टा

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता, आमची टिकली अठ्ठावीस हजारांना द्यायची ठरली होती. हजर चौघं: मी, माझी बायको, औशाहून आलेले गुरांचे व्यापारी आणि त्यांचा टेम्पोवाला. पाच हजार इसार मी आठवडाभर आधीच घेतला होता. मंगळवार मुद्दाम धरला, कारण बायकोचे गुरुवारचे उपास चालू होते. लक्ष्मीच्या महिन्यात दारची गाय बाहेर काढतो म्हणून ती तशीही माझ्याशी मोजकंच बोलत होती.

कंधारपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. गोठ्यात नऊ संकरित गाई. टिकली चौथ्या खुंट्याची. ती जन्मली त्याच आठवड्यात तिची आई दगावली. बायकोने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून टिकली.

त्या उन्हाळ्यात मी नऊही गाईंच्या गळ्यात पट्टे बसवले होते. पट्ट्यात एक डबी असते. गाय किती वेळ रवंथ करते, किती हिंडते, हे ती टिपते आणि फोनवर पाठवते. गाय माजावर आली की फिरणं वाढतं, रवंथ कमी होतं आणि फोनवर निरोप येतो: अमुक नंबर, भरवून घ्या. म्हणजे डॉक्टरांना बोलावून रेतन करून घ्या. माज दर एकवीस दिवसांनी येतो आणि दिवसभरात सरतो. तो हुकला की एकवीस दिवस फुकट खाऊ घालायचं. खुंट्याचा जो नंबर तोच पट्ट्याचा. तो डबीच्या आतल्या बाजूला कोरलेला, म्हणजे गळ्यात असताना दिसत नाही.

पट्टे आल्यापासून मी गोठ्यात कमी आणि फोनमध्ये जास्त बघू लागलो, हे बायकोचं म्हणणं. ते खरं होतं.

पोळ्यानंतर चार नंबरचा एकही निरोप आला नाही. तीन महिने झाले. टिकलीचं दूध अकरा लिटरवरून सहावर आलं होतं. गाभण राहत नाही आणि दूधही आटत चाललंय, अशी गाय ठेवणं मला परवडत नव्हतं. मी वहीत मांडून बायकोला दाखवलं.

ती म्हणाली, "अहो, काल दिवसभर हंबरून राहिली ती. वैरणीला तोंड लावलं न्हाई."

"फोनमध्ये काही नाही."

"मग फोनलाच भरवा."

असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी तिला फोनवरची सपाट रेघ दाखवली.

त्याच काळात दुसरी एक भानगड चालू होती. एक नंबरच्या खुंट्यावरची बांडी गाय पोळ्याआधीच गाभण होती, तरी एक नंबरचा निरोप दर एकवीस दिवसांनी यायचा. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले, "पोटात वासरू हाय. तुमचं मशीन येडं झालंय." मी कंपनीला तक्रार केली. पट्टा सैल असेल, असं उत्तर आलं. मी बांडीच्या गळ्यातला पट्टा दोन भोकं आवळला. आयुष्यभर बेरजा केलेला माणूस मी, पण या दोन गोष्टी एकाखाली एक लिहाव्यात असं मला सुचलं नाही.

तर त्या मंगळवारी. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं आणायचं. बायकोने टिकलीचं जुनं दावं सोडून पदराखाली घेतलं. व्यापाऱ्यांनी आपलं नवं दावं बांधलं. मग बायकोने गळ्यातला पट्टाही काढला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला.

"हे तुमचं दावं. ठेवा सांभाळून."

वहीत चार नंबरवर काट मारायची म्हणून मी डबी उलटी करून बघितली. आत नंबर एक होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा एकच. तसाच जाऊन बांडीचा पट्टा सोडला. त्यावर चार.

पोळा आठवला. आमच्याकडे आता बैल नाहीत, म्हणून त्या दिवशी गाईंनाच धुतो, सजवतो. धुण्याआधी मी पट्टे काढून ओट्यावर ओळीने मांडले होते आणि त्याच ओळीने परत बांधले होते. नंबर बघायची गरज काय, ओळ माझी पक्की होती. पण मी पट्टे पुसत होतो तेवढ्यात बायकोने टिकलीला पहिल्या खुंट्यावर आणलं होतं आणि बांडीला चौथ्यावर नेलं होतं. पहिली पुरणपोळी टिकलीला, हा मान दर वर्षीचा; तो झाला की दोघी परत आपापल्या खुंट्यावर. मला तो माहीत होता. माझ्या ओळीत मी तो धरला नव्हता.

फोन उघडला. एक नंबरचे माज एकवीस दिवसांच्या अंतराने, अगदी वेळच्या वेळी. पुढचा दोन दिवसांवर.

मी व्यापाऱ्यांना म्हणालो, "मामा, गाय द्यायची नाही."

"म्हंजे? मालक, इसार काय खेळायला घेतलता का?"

"चूक माझी झाली. गाय चांगली आहे."

"चांगली हाय मून तर आलो की इतक्या लांब! वाईट असती तर आलो असतो का?" ते बायकोकडे वळले. "वहिनी, ह्यांना उन्ह लागलं का काय थंडीत?"

"लागलं असंल," बायको म्हणाली. "पोळ्यापासूनच लागलंय." आणि आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मी सगळं उलगडून सांगितलं. व्यापारी दोन्ही पट्टे हातात घेऊन हसले, चहा प्याले, आणि टेम्पोचं येण्या-जाण्याचं भाडं मागितलं. ते वाजवी होतं. त्यांनी आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं. टिकली क्षणभर अंगणात मोकळी उभी राहिली, मग कुणी न हाकता गोठ्यात शिरून आपल्या चौथ्या खुंट्यापाशी जाऊन थांबली.

दोन दिवसांनी पहाटे फोन वाजायच्या आधीच बायकोने मला उठवलं. "हंबरून राहिली. डॉक्टरला लावा फोन." निरोप आला वीस मिनिटांनी. त्याच सकाळी टिकलीला भरवून घेतलं. त्याला अडीच महिने झाले, आणि परवा डॉक्टरांनी तिला तपासलं. गाभण आहे. पट्टे अजूनही गळ्यात आहेत. फक्त नंबर आता मी बाहेरच्या बाजूलाही रंगवलाय.

विकताना सोडलेलं दावं परत त्याच गाईला बांधायचं नाही, असं बायकोच्या माहेरी मानतात. म्हणून त्या मंगळवारीच ती कंधारला जाऊन स्वतःच्या पैशाने नवं दावं घेऊन आली.

त्या दिवशी दिलेले पैसे असे: व्यापाऱ्यांना इसाराचे पाच हजार आणि टेम्पोचे तीन हजार, मिळून आठ हजार रोख. दाव्याचे ऐंशी रुपये बायकोला. तिने ते माझ्यासमोर दोनदा मोजून घेतले.