नाताळच्या झाडाला पोंगे

हसायचं असेल तर हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा मी नणंदेला सांगत होते, तर चहा तिच्या नाकात गेला आणि तिची पाठ चोळता चोळता शेवट सांगायचा राहूनच गेला. तुम्हाला मात्र शेवटापर्यंत सांगते. अब्रू गेली ती गेलीच, आता लपवून काय मिळणार?

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचा बालवर्ग आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि तीन-साडेतीन वर्षांची बावीस पोरं. शिकवायला मार्था टीचर आणि बाकी सगळ्याला मी. नाक पुसायला मी, चपलांचे पट्टे लावायला मी, रडलं की कडेवर घ्यायला मीच. पोरं मला मावशी म्हणतात, त्यांच्या आयासुद्धा मावशीच म्हणतात.

मागच्या डिसेंबरात टीचरनी प्लास्टिकचं नाताळचं झाड आणून वर्गात उभं केलं. माझ्या छातीएवढं असेल. आमच्या घरी लायटिंग होते ती भीमजयंतीला, तीही वर गच्चीवर. बावीस पोरांच्या मधोमध सजवलेलं झाड म्हणजे काय प्रकार असतो, ते मला कुठून माहीत असणार? दुसऱ्याच दिवशी एक काचेचा गोळा फुटला. पोरांना पडवीत काढलं आणि कणकेचा गोळा फरशीवर फिरवून फिरवून बारीक काच टिपून घेतली. कुणाला लागलं नाही, पण दुपारपर्यंत मी एकेकाचे तळपाय तपासत होते.

त्यातच टीचरना चार दिवस अंबडला जावं लागलं, त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना एवढंच म्हणाल्या, "मावशी, झाड मोडलं तर मोडू द्या. पोरांना जपा."

आता मी कशी आहे, एखादं काम सांगितलं की ते मनावर घेते. फारच घेते. आमचे मिस्टर जयंतीच्या लायटिंगचं काम बघतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, वायर पोरांच्या हाताला लागंल अशी ठिवूच नको, आन् झाड कशाला तरी बांधून टाक. मी झाडावरची लायटिंग काढली. काचेचे गोळे, घंट्या, मणी, जे जे घशात जाईल ते सगळं काढून डब्यात भरलं आणि डबा कपाटावर. झाड सुतळीनं खिडकीच्या गजाला असं आवळलं, की संध्याकाळी मला न्यायला आलेले मिस्टर विचारतात, "बैल पळून चालला व्हता का?"

दुसऱ्या दिवशी पोरं आली आणि झाडासमोर उभी राहिली. पिहू नावाची एक चिमुरडी आहे, ती माझा पदर ओढून म्हणाली, "मावशे, झाडाला टक्कल पडलं."

ते टकलं झाड मलाही बघवेना हो. आणि तिथंच मला कल्पना सुचली. आता माझी अक्कल बघा. पोर म्हटलं की हाताला येईल ते तोंडात जाणार. मग तोंडात गेलं तरी चालेल असंच का लावू नये?

शेंगदाणा नको, घशात अडकतो. बोर नको, त्याची बी अडकते. शेवटी पोंगे आणले, त्या पिवळ्या कुरकुरीत नळ्या, पोरं बोटांत अंगठीसारख्या घालून खातात त्या. दोऱ्यात ओवून फांदीफांदीला लावल्या. राजगिऱ्याचे मऊ लाडू रंगीत कागदात गुंडाळून टांगले. दिराच्या बागेतल्या मोसंब्याही टांगल्या असत्या, पण पहिल्याच मोसंबीला फांदी वाकली. झाड असं गजबजलं म्हणून सांगू, की पोरांनी टाळ्याच पिटल्या.

शिस्तही लावली. सुट्टीच्या आधी हात धुवायचे, रांग लावायची, एकानं एकच तोडायचं आणि खाली मांडी घालून खायचं. टाकायचं नाही, थुंकायचं नाही. कुणी आपल्यातला घास मला भरवायला आलं की मी "आऽ" करायचे. लेकराचं मन कशाला मोडा? दोन-तीन दिवसांत इतकी शिस्त लागली, की पोलिसांची परेडसुद्धा फिकी पडावी. मला वाटलं, मी पोरांना झाडापासून वाचवलं. पण खरं तर मी त्यांना शिकवलं काय होतं? तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या नव्हतं आलं.

पाचव्या दिवशी टीचरच्या चर्चच्या हॉलमध्ये पोरांचा कार्यक्रम होता. टीचर परस्पर अंबडहून आल्या. पालक खुर्च्यांवर बसले होते. कोपऱ्यात छताला टेकेल एवढं झाड, खालपासून वरपर्यंत काचेचे गोळे, घंट्या आणि बर्फ म्हणून थर्माकोलचे बारके बारके गोळे. पोरांनी गाणं छान म्हटलं. टाळ्या पडल्या. पोरं खाली उतरली आणि कुणीही न सांगता त्यांनी रांग लावली.

मी तर कौतुकानं बघतच राहिले. शेजारी पिहूची आई बसली होती, तिला म्हणालेसुद्धा, "बघा, किती वळण लागलंय." पालकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी मोबाईल काढले. एकेक पोर पुढं गेलं, एकेक वस्तू तोडली आणि सतरंजीवर मांडी घालून बसलं. पिहू मात्र पळत माझ्याकडे आली. "मावशे, आऽ."

मी आऽ केलं. चावलं. चव ना ढव. मनात म्हटलं, पोंगा सादळला वाटतं, आणि गिळून टाकला.

मग मनात आलं, इथं पोंगे कुणी लावले?

समोर बघते तर अख्ख्या वर्गाची पंगत बसलेली. ओमच्या ओठाला काचेचा लाल गोळा टेकलेला. मी त्याच्याकडे धावत ओरडले, "थुंका रे, समदे थुंका!" आणि पोरांनी काय करावं? दोन-तीन दिवस मीच पढवलं होतं ना, थुंकायचं नाही म्हणून. सगळ्यांनी तोंडं गच्च मिटून घेतली.

ओरडल्या नाहीत त्या फक्त मार्था टीचर. पोरांपुढे येऊन उभ्या राहिल्या, हात वर केला आणि हसत म्हणाल्या, "चला, पहिलं गाणं परत. मोठ्ठं तोंड उघडून." पोरं गायला लागली तशा घंट्या, मणी, थर्माकोल, सगळं पटापट मांडीवर पडलं. ओमच्या हातातला गोळा मी नुकत्या जन्मलेल्या बाळासारखा दोन्ही हातांनी उचलून घेतला.

टीचरनी सगळं ओढणीत गोळा करून मोजलं. एकवीस. परत मोजलं. एकवीसच. पोरं बावीस. पिहूचं तोंड रिकामं, हात रिकामे, खिसाही रिकामा. तिच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीनं गिळलं, आणि ते माझ्यामुळं. दुसरं काही सुचतच नव्हतं. इतकं घाबरल्यावर माणसाला आपल्या पोटातलं आठवतं का?

टीचर खाली बसल्या आणि पिहूला हळूच विचारलं, तू तोडलेलं कुठाय बेटा. पिहूनं माझ्याकडे बोट केलं. "बर्फ मावशीनं खाल्ला."

आणि मग हसण्याचा जो स्फोट झाला! पिहूची आई हसता हसता रडत माझ्या गळ्यातच पडली. "मावशी, लई उपकार झाले. माझ्या लेकरापायी तुम्ही थर्माकोल गिळला." चर्चमध्ये एक नर्स ताई होत्या. त्या म्हणाल्या, पाणी प्या, तुम्हाला काही होत न्हाई. मग त्याच म्हणाल्या, पण हाच गोळा लेकराच्या श्वासनळीत गेला असता तर? त्या 'तर'नं माझं हसू जागच्या जागी थांबलं. आजही आठवलं की मी मनातल्या मनात हात जोडते. टीचरना, त्या गाण्याला आणि बावीस पोरांना सोडून माझ्याच पोटात गेलेल्या त्या गोळ्यालासुद्धा.

सोमवारी टीचरना म्हटलं, मला कामावरून कमी करा. त्या म्हणाल्या, "मावशी, झाडाभोवती बाक मी लावायला पायजे होते. आणि पोरांचा एवढा विचार करणारं माणूस मी आता कुठं शोधू?" मी पदरानं डोळे पुसले आणि फडक्यानं फळा.

यंदा झाड उंच टेबलावर ठेवलंय, पुढं बाकांची रांग, आणि झाडाला फक्त पोरांनी कापलेले कागदाचे तारे. पहिल्या दिवशी टीचरनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, झाडाला हात लावायचा नाही आणि झाडावरचं काहीही तोंडात घालायचं नाही. पोरं एका सुरात म्हणाली, "हो टीचर."

टीचर पुढं बोलेनात. माझ्याकडेच बघत थांबल्या. पोरंही वळून बघायला लागली.

मंग काय करता? मीही हाताची घडी घातली आणि म्हणाले, "हो टीचर."