माझे साठ टक्के आणि पाचवीची पत्रकं

मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. जळगावच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गावर अकरा वर्षं काढली होती. सातवी फायनलनंतर मास्तरकीला लागलो, मॅट्रिक बाहेरून दिली आणि भाषावार राज्यांची चर्चा ऐन रंगात असताना फर्स्ट इयर आर्ट्सच्या वर्गात जाऊन बसलो. कॉलेज सकाळी सातला भरे, शाळा अकराला. मधल्या वेळात घरी जाऊन भाकरी खाऊन यायचं, धोतर तेच, फक्त पुस्तकं बदलायची.

वर्गात माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान मुलं होती. त्यांतली एक मुलगी माझीच विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे पाचवीत होती. तिचे वडील जिनमध्ये काट्यावर होते, म्हणजे गाड्यांतून येणाऱ्या कपाशीचं वजन करायचे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तशी ती सवयीनं उभी राहिली. बाकीची पोरं हसली. मी तिला खुणेनं बसायला सांगितलं. पुढे वर्षभर ती मला गुरुजीच म्हणत राहिली.

मला इंग्रजी जड जायचं. ते भरून काढावं म्हणून मी ट्यूटोरियलच्या वह्यांवर मेहनत घेतली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक विषयाचा एक निबंध लिहून द्यावा लागे. घरी चार-चार वेळा लिहायचं, खाडाखोड झाली की पान फाडायचं, पुन्हा लिहायचं. अक्षर मास्तराचं, त्यामुळे प्राध्यापक खूश असत. टर्मिनल परीक्षा बरी गेली. वार्षिक परीक्षेत मात्र घात झाला. तीन तासांत इंग्रजीतून इतकं लिहायची हाताला सवय नव्हती. प्रत्येक पेपरात एखादा प्रश्न सुटलाच.

निकालाआधी तिन्ही भागांचे शेकडा गुण फलकावर लागले. ट्यूटोरियल ऐंशी, टर्मिनल अठ्ठावन्न, वार्षिक बेचाळीस. मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. बेरीज एकशेऐंशी, भागिले तीन, साठ. साठ म्हणजे पहिला वर्ग. मी दोनदा करून पाहिलं. चूक होण्यासारखं त्यात काही नव्हतं, पाचवीच्या पोरांना मी हेच शिकवत होतो.

शाळेत गेल्यावर हेडमास्तरांना सांगितलं. ते मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी शिपायाला पाठवून पेढे मागवले आणि मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना वाटले. एका मास्तरांनी मला बी. ए. झाल्यावर शाळा सोडणार का म्हणून विचारलंसुद्धा.

आठ दिवसांनी निकाल लागला. माझ्या नावापुढे पन्नास पूर्णांक सहा दशांश आणि दुसरा वर्ग होता.

मी सरळ ऑफिसात गेलो आणि कोरा कागद मागून अर्ज लिहिला. माझ्या गुणांची सरासरी काढताना कार्यालयाकडून चूक झाली असून ती दुरुस्त व्हावी, असा मजकूर होता. खाली बेरीज आणि भागाकारही मांडून दाखवला. हेडक्लार्कनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मास्तर, वेटेजची नोटीस वाचली नव्हती का तुम्ही?"

"वाचली होती. उतरवूनसुद्धा घेतली आहे."

"मग?"

नोटीस इंग्रजीत होती. दहा, तीस, साठ असे तीन आकडे मी वहीत लिहून घेतले होते, पण ते ऑफिसच्या कामाचे असावेत असं धरून चाललो होतो. वेटेज हा शब्द मला ठाऊक नव्हता आणि विचारायला लाज वाटली होती. "तुमचा अर्ज ठेवतो," हेडक्लार्क म्हणाले, "पण उत्तर तेच येईल."

बाहेर पायऱ्यांवर ती मुलगी भेटली. तिला पहिला वर्ग मिळाला होता. माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, तेव्हा मी तिला आकडे दाखवले. थोडं रागानंच दाखवले.

ती म्हणाली, "गुरुजी, तिन्हींचं वजन सारखं नाही. वार्षिकचं साठ आहे, ट्यूटोरियलचं दहाच."

"वजन म्हणजे काय? गुण ते गुण."

तिनं थोडा विचार केला. "असं बघा. एक मण कपाशीतून छत्तीस टक्के रुई निघाली आणि दुसऱ्या ढिगात नऊ मण कपाशी आहे, तिच्यातून तीसच टक्के निघाली. दोन्ही ढीग एक केले तर रुईचा उतारा शेकडा किती म्हणाल? तेहतीस?"

मी शेतकऱ्याच्या घरचा. नऊ मणांच्या ढिगाला एक मण वर ओढू शकत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. उतारा तिसाच्या जरासा वर राहणार. मी म्हणालो, "साडेतीसच्या आसपास."

"तीस पूर्णांक सहा. तुमची वार्षिक परीक्षा हा मोठा ढीग."

मग तिनं माझ्याच वहीत मांडून दाखवलं. ऐंशीचे दहा टक्के आठ. अठ्ठावन्नचे तीस टक्के सतरा पूर्णांक चार. बेचाळीसचे साठ टक्के पंचवीस पूर्णांक दोन. बेरीज पन्नास पूर्णांक सहा. ऑफिसचा आकडा बरोबर होता. मी विचारलं की निबंधांना शंभरपैकी शंभर पडले असते तर? तिनं करून पाहिलं. बावन्न पूर्णांक सहा. वर्षभर पानं फाडून, पुन्हा लिहून, अगदी पूर्ण गुण मिळाले असते तरी दोनच टक्के वाढले असते. वार्षिकला अठ्ठावन्न पडले असते तर मात्र पहिला वर्ग होता.

"पण तुम्ही आम्हाला सरासरी अशीच शिकवली होती," ती म्हणाली. "बेरीज भागिले संख्या." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तेव्हा सगळ्यांचं वजन एकच असायचं, म्हणून चालायचं."

मी पुन्हा ऑफिसात जाऊन अर्ज मागे घेतला. हेडमास्तरांनाही दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "पेढे तर खाऊन झाले."

गोष्ट इथे संपली असती. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा सगळ्यांचं वजन एकच असायचं. खरंच असायचं का?

आमच्या शाळेत सहामाही परीक्षा पन्नास गुणांची असे आणि वार्षिक शंभर गुणांची. दोन्ही मिळून दीडशेपैकी पस्तीस टक्के गुण पडले की त्या विषयात पास, असा नियम होता. मी मात्र सहामाहीचे टक्के वेगळे काढी, वार्षिकचे वेगळे काढी आणि दोन्हींची बेरीज करून दोनानं भागी. आकडे लहान राहतात, पत्रक स्वच्छ दिसतं, म्हणून ही युक्ती मीच काढली होती. हेडमास्तरांनी एकदा माझं पत्रक दुसऱ्या मास्तरांना नमुना म्हणून दाखवलं होतं. या युक्तीनं पन्नास गुणांची परीक्षा शंभराच्या परीक्षेएवढी होऊन बसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या तीन रविवारी दुपारी मी शाळा उघडून जुनी पत्रकं काढली. सुरुवातीच्या वर्षांची वाळवीनं खाल्ली होती. सात वर्षांची शाबूत होती. प्रत्येक मुलाचा प्रत्येक विषय मी पुन्हा मांडला. नऊ मुलं अशी निघाली की जी नापास व्हायला हवी होती आणि मी त्यांना पास केलं होतं. चार मुलं पास होती आणि मी त्यांना नापास केलं होतं.

नऊ जणांचं मला फारसं काही वाटलं नाही. चौघांपैकी तिघं पुन्हा पाचवीत बसून पुढे गेली होती. चौथा मात्र त्या निकालानंतर शाळेत आलाच नव्हता. गणितात त्याला सहामाहीत पन्नासपैकी बारा होते आणि वार्षिकला शंभरपैकी बेचाळीस. माझ्या पद्धतीनं तेहतीस टक्के. नियमानं दीडशेपैकी चोपन्न, म्हणजे छत्तीस टक्के. तो एरंडोलकडच्या एका खेड्यातला, आत्याकडे राहून शिकायचा. त्या मुलीच्याच वर्गात होता. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाढे तो माझ्या आधी म्हणायचा."

हेडमास्तरांपुढे मी पत्रक ठेवलं. त्यांनी ते नीट तपासलं. "निकाल लागून सात वर्षं झाली," ते म्हणाले. "आता यात हात घालता येत नाही. यंदापासून बरोबर करा. आणि गावभर सांगत फिरू नका."

गावभर सांगितलं नाही. एका रविवारी मोटारीनं एरंडोलच्या अलीकडे उतरलो आणि कोस-दीड कोस चालत त्या खेड्यात गेलो. घर विचारत पोचलो तेव्हा तो ओट्यावर बैलाची वेसण वळत बसला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगानं भरलेला. त्याचं लग्न झालं होतं. त्यानं मला लगेच ओळखलं, पाया पडला आणि मी एवढ्या लांब का आलो ते आपल्या अहिराणीत विचारू लागला, "मास्तर, इतलं लांब कसाले उनात?"

शेजारी त्याचे वडील बसले होते. बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. मी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण प्रत्यक्षात दोनच वाक्यं बोललो. तू पाचवीत नापास नव्हतास. माझा हिशेब चुकला होता.

त्याचे हात थांबले. "खरं शे का?" त्यानं विचारलं.

मी खिशातून कागद काढून त्याला बारा आणि बेचाळीस दाखवले. त्याला बेरीज येत होती. दीडशेचे पस्तीस टक्के किती, ते मी सांगितलं. तो वडिलांकडे वळला. "आबा, आयकं का? मी नापास नव्हतू."

आबा म्हणाले, "मंग?"

तेव्हा तोच मला समजावल्यासारखं म्हणाला, "पास व्हतू ते काय व्हतं, मास्तर? बहीननं लगीन व्हतं. वावरमा मानूस नव्हता." बहिणीचं लग्न होतं, शेतात माणूस हवं होतं, पास झाला असता तरी शाळा सुटलीच असती, हे खरं असेल. माझ्या समाधानासाठीही तो बोलला असेल. मला ते आजही ठरवता आलेलं नाही. त्यानं जेवायला थांबवून घेतलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा होता. जेवताना तो पिकाबद्दल बोलला, शाळेबद्दल नाही. निघताना मात्र म्हणाला, "तो कागद माले दी द्या." मी दिला. त्यावर शाळेचा शिक्का नव्हता आणि तो मला देताही आला नसता. त्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला.

त्या वर्षी पाचवीचा निकाल मी नियमाप्रमाणे लावला. कॉलेजातही दुसऱ्या वर्षाला निबंधांवर बेताचाच वेळ घातला आणि घड्याळ लावून पेपर सोडवायचा सराव केला. टर्मिनलच्या आधी ती मुलगी आणि मी कुठल्या भागात किती गुण पडले तर काय होईल, याचं गणित मांडायचो. एकदा तिनं सहज सांगितलं की पाचवीत एका चुकलेल्या सरासरीबद्दल मी तिला दोन छड्या दिल्या होत्या. मला ते आठवत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या," आणि पुढचा आकडा विचारला.

पुढच्या जूनमध्ये तो एरंडोलकडचा मुलगा शाळेत आला. बरोबर धाकटा भाऊ होता. त्याला पाचवीत घालायचं होतं. फॉर्म भरून झाल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "आते निकाल कसा काढतस तुमी?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली.

धाकटा हुशार वाटला होता. सहामाहीत गणितात त्याला पन्नासपैकी सव्वीस पडले. नंतर टायफॉइडनं महिनाभर अंथरुणावर होता आणि वार्षिकला त्याला शंभरपैकी चोवीसच पडले. दोन्ही मिळून पन्नास. पास व्हायला साडेबावन्न, म्हणजे त्रेपन्न हवे होते. माझ्या जुन्या पद्धतीनं बावन्न आणि चोवीस यांची सरासरी अडतीस आली असती आणि तो सहज पास झाला असता. मी पत्रक दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे नापास लिहिलं आणि त्याच्या थोरल्या भावाला कार्ड टाकलं.

तो आला. मी काही न सांगता त्याच्यापुढे पाटी ठेवली आणि दोन आकडे लिहून दिले. त्यानं बेरीज केली. पुन्हा केली. दीडशेचे पस्तीस टक्के त्यानं मला न विचारता काढले, थोडा वेळ लागला, पण बरोबर काढले. मग पाटी पालथी ठेवून तो म्हणाला, "अडीच कमी शे."

"आजारी होता तो," मी म्हणालो. "हेडमास्तरांना विचारून पाहतो."

"नको," तो म्हणाला. "मंग ऱ्हाऊ द्या त्याले पाचवीमाच. पन घर लई जात नई मी त्याले."

त्यानं भावाला खरंच घरी नेलं नाही. धाकटा आणखी एक वर्ष माझ्या वर्गात बसला आणि चांगल्या गुणांनी वर गेला. मी बी. ए. झालो, दुसऱ्या वर्गात, आणि शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात धुळ्याला माझी बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी धाकटा सातवीच्या वर्गातून बाहेर आला, पाया पडला आणि भूमितीची वही विसरली म्हणून पळत परत आत गेला.