चाकाखालची लिंबं

शेजारच्या काकांकडे एक जुनी, लांबलचक, महागातली काळी गाडी आहे. मुंबईची नोकरी सोडून ते पोलादपूरला आले ते तिच्यातूनच. तेव्हा आंबेनळी घाट ती एका दमात चढायची म्हणतात. आता ती पत्र्याच्या शेडमध्येच असते. महाडचा मेस्त्री दर वेळी नवा पार्ट सांगतो आणि तो कुठेच मिळत नाही. गाडी बिघडली असं काका कधी म्हणत नाहीत. "तिला आज बरं नाय," म्हणतात आणि जुन्या बनियनने काचा पुसतात. मधेच कंबर धरून उभे राहतात.

काकू कंटाळल्या. "दसऱ्याला चालली तर ठेवा, नायतर भंगारवाल्याला बोलावते," म्हणाल्या.

दसऱ्याला काकांनी गाडीला पुढे-मागे कुंकू लावलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. तीनदा खोकली. मग ते उतरले. मी कुंपणाशी धुणं वाळत घालत होते. मला हळूच म्हणाले, "अगो, जरा हात लाव."

मी कुणाशी फार बोलत नाही. पदर खोचला आणि मागून ढकललं. अंगण उतरतं, म्हणून हलली. लिंबं फुटली. काकांनी उघड्या दारातून हात घालून ब्रेक ओढला आणि ते गाडीच्या दाराला टेकून धापा टाकत राहिले.

काकू आरतीचं ताट घेऊन आल्या. चेपलेली लिंबं बघून त्यांनी मलाच विचारलं, "चालली का गो?"

"चालली," मी म्हटलं.

कुंकवाने लाल झालेल्या माझ्या हातांकडे त्या बघत राहिल्या.

"बरं," म्हणाल्या, "राहू दे पुढच्या दसऱ्यापर्यंत."