आईच्या हातून गेलेला जीव

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. तो ऐकेल आणि म्हणेल, "एवढंच ना?" — आणि ते "एवढंच" मला सोसणार नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता.

मी ड्रेस्डेनला असते, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मुलगी वर्षाची झाली, माझी रजा संपली, आणि किटात — इथल्या पाळणाघरात — जागा मिळायला अजून तीन महिने होते. मग आईला नागपूरहून बोलावून घेतलं. आठवण येते म्हणून बोलावलं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर पोरगी सांभाळायला माणूस हवं होतं. बघा, माझं खोटं इथूनच सुरू होतं.

आई निवृत्त शिक्षिका. मूळची भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या मुलखातली. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक तळं आहे, ते तिनं पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं. भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, पण पाणी बरोबर सापडलं! रोज नातीला गाडीत घालून निघायची ती दोन-दोन तास यायची नाही. फोन घरी टेबलावर. किती भांडले मी! "आई, इतक्या लांब नको ना जाऊ." ती हो म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळं. परत यायची तेव्हा चेहरा नुसता फुललेला. मला ते बघवत नव्हतं का? हो, बघवत नव्हतं. मी दिवसभर कामाला जुंपलेली, आणि ही बाई जर्मनीत येऊन माहेरी आल्यासारखी हिंडतेय.

एका शनिवारी ती वेळेवर आली नाही म्हणून मी सायकल काढली आणि तणतणत तळ्यावर गेले. बघते तर आई वाटेत थिजून उभी. छत्री खाली पडलेली. समोर एक साप — उताणा, तोंड उघडं, जीभ बाहेर लोंबलेली, आणि घाण वास. इथे त्याला रिंगेलनाटर म्हणतात. आपल्या पाणदिवडासारखाच, बिनविषारी. तो बाबागाडीच्या चाकाशी आला, फुसकारला, आणि नातीला चावेल या भीतीनं आईनं छत्री हाणली.

"माझ्या हातून जीव गेला ना वं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

यात तिचं काय गेलं, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. पण घरातले बाकीचे आम्ही पंचशील तोंडानं म्हणणारे, आणि ती पाळणारी. जीवहत्या करणार नाही, हे पहिलंच शील. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायची. आम्ही हसायचो तिला.

आणि मला — मला माहीत होतं. तळ्याच्या वाटेवर एक पाटी आहे, चित्रासकट: हा साप घाबरला की मेल्याचं सोंग घेतो. आईला शोधायला यायचे तेव्हा ती पाटी मी कितीदा तरी वाचली होती.

"तू हो पुढे," मी म्हणाले. "मी करते याला बाजूला."

तिनं सापाला हात जोडले आणि गाडी ढकलत निघाली. मी थांबले. थोड्या वेळानं त्याची जीभ आत गेली. मग तो सावकाश सरळ झाला, मानेवरचे पिवळे डाग दिसले, आणि गवतातून सरळ पाण्यात. डोकं वर काढून पोहत गेला. ठणठणीत!

आई नजरेच्या टप्प्यात होती. एक हाक मारायची होती — "आई, अगं बघ!" — बस. हाक ओठांवर आलीही होती. आणि तेवढ्यात मनात आलं, की आता ही तळ्यावर यायची नाही.

मी हाक मारली नाही.

"केला काय वं बाजूला?" मी गाठल्यावर तिनं विचारलं.

"हो. गवतात ठेवला."

"मेलाच होता ना?"

"हो, आई."

साधलं माझं. पुढचे पाच आठवडे ती तळ्याकडे फिरकली नाही. नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. मी घरी यावं तर दोघी घरात, सगळं कसं सुरळीत. फक्त सकाळी वंदना म्हणताना पहिल्या शीलाशी तिचा आवाज अडायचा. पुढचं म्हणायला वेळ लागायचा. मी स्वयंपाकघरात डबा भरत ते ऐकायचे — रोज. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. तेही मला पाठ आहे.

ती परत गेली. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉल. कधीतरी विचारायची, "जाते काय वं तळ्यावर?" मी म्हणायचे, वेळ कुठे आहे, आई. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू — पण सांगणार काय होते? की माझी सोय व्हावी म्हणून तुझ्या माथी हत्या राहू दिली?

आता ती नाही. आणि आता मला वेळ आहे. मे लागला की मी शनिवारी तळ्यावर जाऊन बसते. साप दिसतात. दिसला की तोंडातून निघतंच, "आई, बघ ना." तिची इतकी आठवण येते की छाती दुखते. तिनं शेजारी असावं, त्याला पोहताना बघावं, "सोंगाड्या कुठला!" म्हणून खळखळून हसावं. बाकी काही नको मला. एवढंच हवं आहे, आणि तेवढंच मी घालवलं.

तिच्या पुण्यानुमोदनाला मी नागपूरला होते. मांडवात आदरांजलीचा माईक फिरत होता. मावशी उभी राहिली. म्हणाली, "आमच्या बाईनं जन्मात मुंगी मारली नाही. एकच जीव गेला तिच्या हातून, लेकीकडे, तोही नातीला वाचवताना. पण दवाखान्यात शेवटपर्यंत तेच बोलायची — त्या बिचाऱ्यानं माझं काय केलं होतं वं?"

बायकांनी डोळ्याला पदर लावले. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हणाले, "आपण सगळे आलात, आभारी आहे. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका."