भर उन्हातला आलुबोंडा

परवा आमच्या हापिसात मुंबईहून एक साहेब आले होते. अमरावतीचं ऊन पाहून म्हणाले, एवढं लख्ख ऊन असते तुमच्याकडं अन् एकाही हाटेलाबाहेर टेबल-खुर्ची कशी नाही? ते म्हणे विलायतेले राहून आले. तिकडं ऊन पडलं की लोक सणासारखे बाहेर निघतात, रस्त्याच्या कडेले बसून खातात-पितात. आमी सगळे इतके हसलो की हेडक्लार्कचा चष्मा उतरला. वऱ्हाडातल्या उन्हात बसून कोण खाईल बाप्पा? इथं तं कुत्रंसुद्धा नालीत जाऊन निजते.

मी पण हसली. अन् मंग माझी बोटं टायपिंगच्या मशीनवर तशीच राहिली, कारण मले आठवलं की एक माणूस बसला होता. अकोल्याले, वैशाखात, भर दुपारी, भर रस्त्यावर. माझे बाबा. अन् त्यांच्या बाजूले मी.

आता हे सांगितल्याशिवाय मले झोप येणार नाही म्हणून लिहून राहिली. आमची मशीन इंग्रजी आहे, मराठी असती तं हे सगळं केव्हाच बडवून झालं असतं. हातानं लिहायचं म्हणजे मन बडनेऱ्याले पोचते अन् टाक अजून मूर्तिजापुरातच राहते.

तं टायपिंगचा क्लास. अकोल्याले टेसनाकडच्या रस्त्यावर एका हाटेलाच्या माडीवर होता तो. खाली भट्टी, वर आमच्या मशिनी. माडीची जमीन फळ्यांची, फळ्यांत फटी, अन् दुपारी त्या फटींतून आलुबोंड्याचा वास वर यायचा. उकडलेला आलू, लसूण, हिरवी मिरची. बेसनात बुडवलेला गोळा तेलात पडला की जो आवाज होते ना, तोसुद्धा वर ऐकू यायचा. मी ए एस डी एफ मारून राहिली अन् तोंडात पाणी. क्लासात पोरगी मी एकटी. क्लास सुटला की बाकीचे पोट्टे धाडधाड जिना उतरून हाटेलात घुसत, अन् मी खाली मान घालून घराकडं.

घर म्हणजे काय, ते सांगते. बाबा शाळामास्तर अन् त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, पुरोहित. अर्ध्या गावाच्या सत्यनारायणाले अन् मुंजीले तेच जात. दोघा भावांचं एकच घर, एकच चूल, अन् त्या चुलीपाशी सोवळं. बाजारात शिजलेली वस्तू उंबऱ्याच्या आत येत नसे. लसूण तं आमच्याकडं नुसता बोलायचासुद्धा हळू आवाजात.

पण एक होतं. बाबा अन् मोठे काका लहानपणापासून एका पंक्तीले शेजारी बसून जेवत आले. कधी भांडण होई, अबोला होई, पण पाट शेजारीच. अबोल्यातही मोठे काका काकूले सांगत, त्याले कढी वाढा, त्याले आवडते. बाबा घरी येईपर्यंत काका ताटावर बसत नसत, मंग कितीही उशीर होवो.

क्लास सुरू झाला तेव्हा माझी बोटं काही केल्या चालेनात. करंगळी तं पार लाकडाची. एक दिवस मी रडत घरी आली, म्हणाली मी सोडते, मले नाही येत. बाबा अंगणात तोंड धूत होते. माझी आलुबोंड्याची कहाणी त्यांच्या कानावर गेली होती, कारण मी रोज आईजवळ तेच तेच सांगत असे. ते म्हणाले, सोडू नको, पास हो, त्याच हाटेलात बसवून तुले आलुबोंडा खाऊ घालतो.

बोलून गेले बिचारे. त्यांले वाटलं असेल पोरगी कुठची पास होते.

पण मी झाली. नुसती नाही, क्लासात सगळ्यात जोरात मारून झाली. निकाल आला तेव्हा मी घरभर नाचली, देवापुढं साखर ठेवली, अन् रात्री जेवताना बाबा आपल्या पानाकडं पाहत म्हणाले, दादा, मी पोरीले शब्द दिला होता. अन् काय शब्द दिला ते सांगितलं.

मोठ्या काकानं घास खाली ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तं बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोरीनं खाल्लं तर खाल्लं, उद्या परक्या घरी जाईल. पण तू तोंडाले लावशील, त्या दिवसापासून तुझं पान माझ्या पंक्तीले नाही."

यात काका वाईट होते असं मले तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. यजमानांच्या घरी जाऊन ते पूजा सांगत. पुरोहिताचा भाऊ हाटेलात खाते हे गावात झालं तं ज्या देवघरात ते बसत, तिथं त्यांले बसवतील का, हा प्रश्न होताच. बाबा हो म्हणाले. मी खाणार नाही, पोरीले खाऊ घालीन. ठरलं.

आता खायचं कुठं? बाबा हाटेलवाल्याकडं विचारायले गेले, मी मागं. हाटेलवाला अंगानं जाड अन् बोलायले गोड. तो म्हणाला, आत कसं बसवता मास्तर, आत सारे बिड्या ओढून राहिले, कोनाची माय-बहीन आजवर आत आली नाही. बांधून देतो, घरी न्या. बाबा म्हणाले, आमच्या घरी हे चालत नाही. वर क्लासात? तं आमचे टायपिंगचे मास्तर जिन्यातूनच नाही म्हणाले. तेलाचं बोट मशीनले लागलं की एक बटण दाबलं तं दोन उठतात, म्हणे, अन् ते खरंच होतं. घर नाही, हाटेल नाही, माडी नाही. राहिलं काय?

"भाईर बसतो आमी," बाबा म्हणाले.

"भाईर?" हाटेलवाला आधी रस्त्याकडं अन् मंग बाबाकडं पाहत राहिला. "मास्तर, आपल्या गावात भाईर ऊन जेवते, मानूस नाही."

बाहेर कोणी बसत नसे असं मी म्हणून राहिली, पण ते पुरतं खरं नाही. हाटेलाच्या कडेले नालीजवळ एक दगड होता. ज्यांले आत येऊ देत नसत, ते लोक त्या दगडावर बसून चहा पीत, अन् त्यांच्या कपबशा बाहेरच खिळ्याले टांगलेल्या असत. मी क्लासले जाता-येता रोज ते पाहत होती. पाहत होती म्हणजे डोळ्यानं. मनात कधी काही आलं नव्हतं.

बाबानं दुपार निवडली. त्यांचा हिशेब असा, की संध्याकाळी सारं गाव रस्त्यावर असते; पण वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळची शाळा सुटली की जाऊ, पोरगी पटकन खाईल, कोणी पाहणार नाही, दादाले त्रास नाही. मास्तर माणूस, हिशेबात पक्का. फक्त एक विसरला. रस्त्यावर कोणी नसते ते खरं, पण ते सगळे जातात कुठं? समोरच्या दुकानांत, सावलीले. गिऱ्हाईक नाही, काम नाही, अन् सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं.

आमी पोचलो तेव्हा हाटेलवाल्यानं बाकडं बाहेर आणून ठेवलं होतं. त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं तं तव्यावर ओतल्यासारखा चर्र आवाज आला. मंग त्यानं ओलं पोतं अंथरलं. आमी बसलो. बाबानं आपली काळी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली, स्वतः अर्धे उन्हात. हाटेलाच्या दाराले वाळ्याची ताटी लावलेली, तिचा थंड वास आतून यायचा अन् रस्त्याची गरम धूळ समोरून. पितळेच्या ताटलीत दोन आलुबोंडे आले, संग लाल रस्सा, वर तेलाचा तवंग.

मी एक आलुबोंडा उचलला. बोटं पोळली. तोंडाजवळ नेला, अन् वर पाहिलं.

कापडाच्या दुकानात मुनीम लोक गादीवरून उठून उभे. पानवाला वाकून पाहून राहिला. हाटेलातले लोक ताटी बाजूले सारून पाहून राहिले, बिडी तोंडात तशीच. वर माडीच्या खिडकीत माझ्या क्लासातले पोट्टे. एकानं काही तरी म्हटलं अन् सगळे हसले. एवढ्या लोकांनी मले खाताना पाहायचं. माझा हात तिथंच अडकला. जिच्यासाठी एवढे महिने जीव टाकला ती वस्तू हातात, अन् तोंड उघडेना. डोळ्यांत पाणी आलं, अन् रडताना पण ते पाहतील म्हणून मी श्वास धरून बसली.

तेवढ्यात समोरचे कापडवाले शेठजी पायरीवर आले. हे मोठ्या काकाचे सगळ्यात जुने यजमान. माणूस भला. त्यांनी तिकडूनच हाक दिली, "अजी मास्तर, उन्हात काहून बसले? गादीवर या. पोट्टी खाऊन घेईल. आपण काही पाहिलं नाही."

किती चांगली वाट काढून दिली होती त्यांनी. बाबा उठून गेले असते तं सगळं जागच्या जागी राहिलं असतं, पंक्ती, पाट, सारं.

बाबानं शेठजीकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. मंग छत्रीचा दांडा माझ्या हातात दिला, ताटलीतला दुसरा आलुबोंडा उचलला, रश्श्यात बुडवला, अन् खाल्ला. अर्धा एका घासात. सगळ्यांले दिसेल असा.

"आता ते माझ्याकडं पाहतील," बाबा तोंडात घास असतानाच म्हणाले. "तू खा."

अन् खरंच तसं झालं. सगळा रस्ता मास्तरकडं पाहायले लागला. पुरोहिताचा भाऊ, टोपी, उपरणं, कपाळावर गंध, अन् हनुवटीवरून लाल रस्सा ओघळून राहिला. माझ्याकडं पाहायले कोणाले फुरसत नव्हती. मी खाल्ला. सांगू का कसा होता? आतला आलू इतका गरम की जीभ भाजली अन् चव अर्धीच समजली. मी तोंडानं वारा घेत होती, बाबाच्या नाकातून पाणी येत होतं, अन् त्यांनी हाटेलवाल्याले आणखी दोन आणायले सांगितले. खाल्लंच आहे तं नीट खाऊ, म्हणाले. नंतर म्हणाले, मीठ जरा कमी आहे. पेपर तपासल्यासारखं.

शेठजी आत गेले अन् आमच्यासाठी पाण्याचा गडू पाठवला. त्यांनी ही गोष्ट पुढं कुठं काढली नाही, अन् त्यांच्या घरचा सत्यनारायण आजही मोठे काकाच सांगतात. शेठजींचे उपकार मी विसरणार नाही.

आमी उठलो तेव्हा त्या नालीजवळच्या दगडावर एक म्हातारा चहा पिऊन राहिला होता, भर उन्हात, छत्री नाही. तोही आमच्याकडं पाहत होता. मी एवढ्याशा वेळात रडकुंडीले आली होती, अन् हा रोज बसतो. घरी जाईपर्यंत मी तोच विचार करत होती.

बाबानं त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायच्या आधी मोठ्या काकाले स्वतःच सांगितलं. काका जानवं धरून संध्येले बसले होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली, अन् आत गेले. रात्री काकूनं पाट मांडले. काकाचा स्वयंपाकघरात, बाबाचा अन् माझा बाहेर पडवीत. वाढताना काकूच्या डोळ्यांले पदर. मी पहिल्यांदा पाहिलं की बाबाले शेजारी कोणी नसलं की ते किती भरभर जेवतात.

मी म्हणाली, बाबा, माझ्यापायी झालं. ते म्हणाले, तुझ्यापायी नाही, आलुबोंड्यापायी, अन् हसले. पण हसणं पडवीतच राहिलं.

मोठे काका शब्दाचे पक्के. पान वेगळं ते वेगळं. पण वैशाखात चुलीशेजारी बसून जेवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालेच माहीत. थोड्या दिवसांनी काका काकूले म्हणाले, इथं फार धग लागते, माझा पाट जरा दाराकडं घ्या. मंग आणखी जरा. काकू वैतागून म्हणाली, वाढायले मले केवढं चालावं लागते, एकदाचं ठरवा कुठं बसायचं ते. शेवटी पाट उंबऱ्याले टेकला. आत काका, बाहेर बाबा, मधे लाकडाचा उंबरा. पंक्ती दोन, पण खांद्याले खांदा.

ते अजून तसंच आहे. काकाच्या पानातलं लोणचं उंबऱ्यावरून इकडं येते, इकडचं तिकडं काही जात नाही, तेवढा नियम. घरात कोणी त्याच्यावर बोलत नाही. अमरावतीले नोकरी लागली, पगार घेते, खोलीत राहते, हे सगळं ज्या बोटांनी मिळालं ती बोटं बाबाच्या एका शब्दावर चालली, अन् तो शब्द त्यांनी भर रस्त्यात खाऊन दाखवला. त्या मुंबईच्या साहेबाले हे कसं सांगू? पण मी देवाचे, बाबाचे अन् मोठ्या काकाचेही आभार मानते, खरंच मानते. कारण नियम मोडला नाही तरी पाट सरकवता येते, हे मले काकानं दाखवलं.

मागच्या सुट्टीत मी घरी गेली, तेव्हा पडवीत बाबाशेजारी जेवायले बसली होती. आतून काकू ताक आणायले मागच्या दारी गेली. काकानं ती गेली हे पाहिलं अन् उंबऱ्याकडं थोडे कलले.

"काय असते रे त्याच्यात?" ते हळूच म्हणाले.

"आलू," बाबा म्हणाले.

"ते समजलं. अन् आलूत?"

बाबानं सांगितलं, सावकाश, वर्गात सांगतात तसं. उकडायचा किती, कुस्करायचा किती, मिरची, कोथिंबीर, अन् लसूण म्हणताना त्यांनीही आवाज खाली आणला. मोठे काका हातातला घास तसाच धरून ऐकत होते. काकू ताक घेऊन परत आली तरी त्यांले कळलं नाही.