चेकच्या पाठीवरचा अंगठा

त्या हिवाळ्यात आमची कंपनी काश्मीरमध्ये उंचावरच्या एका ठाण्यावर होती. मी सिग्नल प्लाटूनचा नाईक, काम वायरलेस सेटचं. लान्स नाईक दत्ताराम सावंत हा आमचा लाइनमन. ठाण्याठाण्यांना जोडणारी टेलिफोनची तार बर्फात रोज कुठे ना कुठे तुटायची आणि ती जोडायला सावंत जायचा.

आम्ही दोघेही गिरणगावातले. मी परळचा, तो लालबागचा. मुंबईत असतो तर आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलोही नसतो. त्याची चाळ वेगळी, माझी वस्ती वेगळी, आणि आडनाव ऐकून माणसाला कुठे बसवायचं हे तेव्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. वर मात्र दोघांचा चहा एकाच स्टोव्हवर व्हायचा. पलटणीने माझं पुष्कळ काही घेतलं, पण हे एक दिलं, ते मी विसरत नाही.

दिवस ठरलेला. पहाटे हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं ते स्टँड-टू, चहा, मग लाइन टेस्ट. त्या सकाळी खालच्या ठाण्याचा टेलिफोन मुका निघाला. सावंतने अर्धा चहा तसाच ठेवला, लंगरातून दोन पुऱ्या उचलून कोटाच्या खिशात घातल्या आणि तारेचं रीळ खांद्याला लावलं. सोबत एक जवान दिला होता.

“कांबळे, चहा झाकून ठेव रे,” तो म्हणाला. “आलोच.”

थोड्या वेळाने खालच्या ठाण्याचा आवाज माझ्या सेटवर आला. सेटवर आमचं नाव चार्ली.

“चार्ली, चार्ली. उतारावरून बर्फ सुटलंय. तुमची दोन माणसं खाली होती. ओव्हर.”

“चार्ली. दिसतायत का? ओव्हर.”

“एक बाहेर आला. ओव्हर.”

“दुसरा? ओव्हर.”

“शोधतोय. आउट.”

सावंत दुपारी सापडला. अंगावर जखम नव्हती. त्याच्या खिशातलं सामान उतरवून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. पक्कड, घड्याळ, बायकोचं पत्र आणि एक पुरी. झाकून ठेवलेला चहा मी संध्याकाळी बाहेर नेऊन ओतला. सावंतला अग्नी आम्ही वरच दिला. घरी तार गेली.

पुढे बटालियनने त्याच्या बायकोसाठी मदत गोळा केली. कमांडिंग ऑफिसरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी दिलं. जवानांच्या बायकांची बँकेत खाती नसत, म्हणून चेक असा काढला की खातं नसलं तरी ओळख पटवून तिला काउंटरवर रोख पैसे मिळावेत. तिच्या नावाने तो रजिस्टर्ड पोस्टाने लालबागला पाठवला. पोच आली नाही. बँकेकडे विचारल्यावर कळलं की चेक केव्हाच वटला होता.

माझी वार्षिक रजा मंजूर झाली त्या दिवशी कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी मला बोलावलं. ते आपल्याकडचेच होते, मराठीत बोलायचे.

“सावंतची बायको शिकलेली आहे. पलटणीतल्या कागदांवर तिची स्वच्छ सही आहे,” ते म्हणाले. “चेकच्या पाठीवर अंगठा आहे. कुणाचा?”

“माहीत नाही, सर.”

“शोधून काढ. भलत्याच माणसाने पैसे उचलले असतील तर सरळ पोलीस ठाण्यात तक्रार दे. रिपोर्ट मला पोस्टाने.”

“यस सर.”

मी मनातल्या मनात त्या माणसाला बेड्या घालूनच गाडीत बसलो. पलटणीतल्या न्हाव्याने दिलेले पैसे खाणाऱ्या माणसाबद्दल मला काडीचीही दया नव्हती.

मुंबई ओळखू येत नव्हती. भिंतीभिंतीवर ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं. मी वर असताना इथे गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, संचारबंदी लागली होती. आज मोर्चा, उद्या हरताळ. लालबागच्या नाक्यावर पोलीस गाडी उभी होती आणि तिच्याकडे पाठ करून लोक चहा पीत होते. चाळीत दुसऱ्या मजल्यावर मी सावंतची खोली विचारली. सांगणारा माणूस माझ्या गणवेशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “जरा जपून बोला हां.” त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

दार सावंतच्या बायकोने, सुशीलाने उघडलं. दिवस भरत आलेले. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

मला वाटलं मी खोली चुकलो.

“मी कांबळे. सावंतच्या पलटणीतला,” मी म्हणालो.

“परळचे ना तुम्ही? ह्यांनी पत्रात लिहिलेलं. या ना, बसा. कसे आहेत हे? काय पाठवलंय?”

माझ्या पिशवीत सावंतचं घड्याळ होतं, तिचं पत्र होतं, त्याचा गणवेशातला फोटो होता. सुशीलाच्या मागे चुलीपाशी त्याची आई उभी होती. म्हातारीने माझ्याकडे बघून मान हलवली, जेमतेम दिसेल एवढीच. पलटणीत मी अनेक हुकूम ऐकले. तो मी बघितला.

“बरा आहे,” मी म्हणालो. “वर थंडी फार आहे.”

“पत्र का नाही मग? महिन्याला मनीऑर्डर येते, पण सोबत दोन ओळी नाहीत. हात दुखतात का ह्यांचे?”

“थंडीने शाई गोठते, वहिनी.”

चहा घेतला. मग आई म्हणाली, “चल रे झिला, शेजारी वसंताचो फोटो बघून ये,” आणि मला तिने पुढे घातलं.

शेजारची खोली तुकाराम गावड्यांची. दादा गिरणी कामगार, त्या दिवशी घरीच होते. भिंतीवर त्यांच्या वसंताचा फोटो, त्याला ताजा हार. वसंत दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकायचा. गोळीबाराच्या दिवसांत नाक्यावर उभा असताना त्याला गोळी लागली. वसंताची आई फोटोखाली बसली होती. सावंतच्या आईने दार लावून घेतलं.

“तिका ठावक नाय,” ती म्हणाली. “पयली दोन पोटातच गेली. ह्या वक्ताक डाक्टरणीन सांगल्यान, धसको बसाक नको. तार इली तेव्हा ती नळार होती. वसंतान माका वाचून दाखवल्यान. मी त्याका शपथ घातलय.”

“त्याच आठवड्यात आमचा वसंत गेला,” तुकारामदादा म्हणाले.

मी चेकचं विचारलं. आवाज जितका कडक काढायचा ठरवलं होतं तितका निघाला नाही.

“तो माझोच अंगठो,” आई म्हणाली. तिने हात पुढे केला, मी तो ताब्यात घेणार असल्यासारखा. “चेक तिच्या हातात दिलो, तर तारय देवक होयी.”

“बँकेत मी गेलो होतो सोबत,” दादा म्हणाले. “हीच सुशीला सावंत म्हणून ओळख मी दिली. त्यातले थोडे दर महिन्याला मीच तिला नेऊन देतो. सांगतो, रस्ते बंद होते, मनीऑर्डर पोस्टातून सोडवून आणली. तिला पटतं. तुम्हाला तक्रार द्यायची तर माझ्या नावाने द्या. मला आता कशाचंच काही वाटत नाही.”

मी म्हणालो, “आणि चाळ?”

“चाळीला सगळं माहीत आहे. पोस्टमननेही पाकीट ह्यांच्याच हातात दिलं. पोरंसुद्धा बोलत नाहीत.”

मग सावंतची आई वसंताच्या फोटोखाली जाऊन बसली, पदर तोंडात धरला आणि रडायला लागली. वसंताच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. ते रोजचंच होतं हे बघून कळत होतं. घरात तिला रडता येत नव्हतं. सुतक नाही, सांत्वनाला कोणी नाही, मुलाचं नाव घेऊन हुंदका द्यायची सोय नाही. म्हणून दुपारचं आवरलं की ती शेजारी यायची आणि वसंताच्या नावाने दत्तारामला रडून जायची.

मी परत खोलीत गेलो तेव्हा सुशीला मला म्हणाली, “आमच्या आईंचं मन फार मऊ. वसंताला जाऊन इतके दिवस झाले, तरी रोज जातात. पोटच्या पोरासाठी रडावं तशा रडतात.”

त्या घरातून बाहेर पडल्यावर मी भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत चालत गेलो आणि उगाचच परत आलो. कायद्याने गुन्हा झाला होता यात शंका नव्हती. दुसऱ्याच्या नावावर अंगठा, खोटी ओळख. ज्या हातांना मी बेड्या घालायला निघालो होतो ते दोन्ही हात मी पाहिले होते. आणि तक्रार दिली असती तर पोलीस सगळ्यात आधी सुशीलाचा जबाब घ्यायला आले असते.

मी मेजरसाहेबांना रिपोर्ट लिहिला. आडपडदा ठेवला नाही. चेक मयताच्या आईने वटवला. रक्कम पत्नीलाच मिळते आहे. पत्नीस मृत्यूची कल्पना नाही, बाळंतपण जवळ आले आहे, तक्रार दिलेली नाही. हुकूम मोडल्याची जबाबदारी माझी. खाली नंबर, रँक, नाव. उत्तर येईपर्यंत मला नीट झोप नव्हती, कारण साहेब शिस्तीचे होते. उत्तर एका ओळीचं आलं. “रिपोर्ट मिळाला. मूल झालं की कळव.”

रजेत मी दर दोन-चार दिवसांनी तिथे जात होतो. न जावं तर तिला शंका आली असती. खोटं बोलायची मला सवय नव्हती असं नाही, फौजेत उशिरा येणारा प्रत्येक जवान उत्तम कथाकार असतो. पण हे खोटं वेगळं होतं. मेलेल्या मित्राला मी रोज जेवायला बसवत होतो, पत्ते खेळायला लावत होतो, त्याला मिशी वाढवायला लावली होती. सुशीला हसायची. ती हसली की आई पाठमोरी होऊन भांडी घासायची. मला घरी जाऊन माझ्या आईच्या तोंडाकडे बघवत नसे.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी पाळणा झाला, चाळीतल्या बायकांनी पाळणे म्हटले. एवढ्या हळू आवाजातलं बारसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. माझी रजा संपत आली होती. आई मला म्हणाली, “उद्या ये. मी सांगतलय. तू नुसतो बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. तुकारामदादा आणि वसंताची आई दारात. आईने फडक्यात बांधलेले उरलेले पैसे सुशीलापुढे ठेवले, त्यावर तार ठेवली.

“हे काय, आई?”

“दत्तू गेलो गे,” आई म्हणाली. “पौषात.”

सुशीलाने आधी बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“खरं?”

“हो, वहिनी.”

तिने तार उचलून वाचली. खाली नळावर कोणीतरी हंडा आपटला. मग तिने फडक्याला बोट लावलं. “आणि हे?”

आईने चेकचं सांगितलं. काही लपवलं नाही.

“माझ्या नावावर अंगठा केलात?” सुशीला म्हणाली. “मला सही येते, आई.”

तिने फडकं बाजूला सरकवलं.

“इतके महिने मी रोज कुंकू लावत होते. तुम्ही समोर बसून बघत होतात.”

आईने मान खाली घातली. मला वाटलं होतं सुशीला कोसळेल, किंचाळेल. तिने तसं काही केलं नाही. तिचा राग खरा होता आणि तो तिच्या हक्काचा होता. मी आजही त्यात आईची बाजू घेऊन बोलणार नाही. मग ती माझ्याकडे वळली.

“त्या दिवशी हे जेवले होते का?”

खोटं बोलून बोलून मला वीट आला होता. मी खरं ते सांगितलं. “अर्धा चहा घेतला होता. दोन पुऱ्या खिशात घालून निघाला. एक खाल्ली. एक खिशात होती.”

“एक मागे ठेवायचेच ते,” ती म्हणाली. “गिरणीत जायचे तेव्हाही डब्यातली एक भाकरी परत यायची. मी ओरडायची.” मग तिचे डोळे भरले.

आई उठली. पदर तोंडाशी नेला आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने दाराकडे, शेजारच्या खोलीकडे निघाली.

“कुठे चाललात?” सुशीलाने विचारलं.

आई थांबली. सुशीलाने तिच्याकडे बघितलं, दारातल्या वसंताच्या आईकडे बघितलं, आणि रोज दुपारी काय चालायचं ते तिला तेव्हा उमगलं असावं.

“आता शेजारी जायचं नाही,” ती म्हणाली. “बसा. इथेच रडा.”

तिने बाळ उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीने पहिल्यांदा स्वतःच्या घरात मुलाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. मजल्यावरची सगळी दारं उघडली. चाळीतली माणसं आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि कोणी कोणाला काय झालं म्हणून विचारलं नाही. मी सैनिक आहे, पण त्या दिवशी मीही रडलो.

दुपारी मी पिशवीतून लान्स नाईक दत्ताराम सावंतचा गणवेशातला फोटो काढून दिला. घरात हार नव्हता. तुकारामदादा आपल्या खोलीत गेले, वसंताच्या फोटोवरचा हार काढला, दोरा मधोमध तोडला आणि दोन्ही तुकड्यांना गाठी मारून दोन हार केले. एक त्यांनी परत वसंताला घातला आणि दुसरा घेऊन ते आमच्याकडे आले.