अंबिकाक्कांचं हिरवं इरकल

आमच्या लातूरच्या अंबिकाक्का लग्नघरांना आमटीचा येसर मसाला कुटून देतात. एका जाहिरातवाल्यानं "अक्का, तुमचं नाव करतो" म्हणत त्यांचा व्हिडिओ काढला आणि मेल्यानं परस्पर एका मसाला कंपनीला दिला.

परवा डिजिटल मार्केटिंगचं प्रदर्शन भरलं. त्या जाहिरातवाल्याच्या स्टॉलच्या पडद्यावर अक्काच कुटत होत्या, खाली पुडे मात्र कंपनीचे. व्हिडिओतलंच हिरवं इरकल नेसून अक्का पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. माणसं थांबली. "ह्या तुम्हीच ना?"

"हाव, मीच. पण पुड्यातला येसर माझा न्हाई. तोंड तेवढं माझं चोरलंय ह्यानं."

तो पळत आला. "अक्का, आत बसून बोलू."

"आत कशाला?" अक्कांनी समोर वर झालेले मोबाइल दाखवले. "माझं नाव करणार होतास न्हवं? आता तुझं होऊन राहिलं, बघ."